अपघात, आत्महत्या, खून: पन्नास वर्षांचे आकडे कसे वाचायचे

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "मी आयटीत डेटाचं काम करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, म्हणजे एनसीआरबीचे, जुने वार्षिक तक्ते जमवून अपघाती मृत्यू, आत्महत्या आणि खून यांची बेरीज केली आणि आलेख काढला. रेषा दर दशकाला वर चढते. वडील म्हणतात, आमच्या वेळी नौपाड्यात माणसं आजारानं जायची, आता घोडबंदर रोडवर जातात. हे खरं आहे का? देश खरंच जास्त धोक्याचा झाला? (आमची आजी मात्र म्हातारपणानं गेली. बाथरूममध्ये पडली होती, त्यानंतर महिनाभरानं.) आणि हाच आलेख फक्त ठाणे जिल्ह्यासाठी काढला तर चालेल का?"

मी न्यायवैद्यक शाखेचा डॉक्टर. ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी शवागारांत जवळजवळ तीस वर्षं काढली, आता फक्त शिकवतो. तुम्ही ज्या तक्त्यांवरून आलेख काढलात त्यांची सुरुवात कुठे होते ते मी रोज पाहिलं आहे. हवालदाराच्या हातातला पंचनामा, नातेवाइकांनी घाईघाईत सांगितलेली हकीकत आणि त्याखाली डॉक्टरची सही. म्हणून मी उत्तर त्या टोकापासून देतो.

वडिलांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. तुमच्या आलेखावर मात्र माझा आक्षेप आहे, कारण तुम्ही परस्परविरुद्ध दिशेला जाणाऱ्या रेषांची बेरीज केली आहे. रस्त्यावरचे मृत्यू चढत गेले. खून उतरले. जळून होणारे मृत्यू तर इतके उतरले की माझ्या उमेदीच्या काळातल्या डॉक्टरला सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. आत्महत्यांची रेषा चढते, थोडी बसते, पुन्हा चढते, आणि बायकांची व पुरुषांची वाट वेगळी आहे. या सगळ्याची एक बेरीज म्हणजे भाजीच्या पिशवीचं वजन. आत बटाटे किती आणि मिरच्या किती, ते त्यातून कळत नाही.

बेरीज करण्याआधी एक गोष्ट काढून टाका. एनसीआरबीच्या 'अपघाती मृत्यू' या सदरात 'अचानक मृत्यू' असा एक उपप्रकार आहे. २०२२ साली एकूण अपघाती मृत्यू ४,३०,५०४ दाखवले आहेत. त्यातले ५६,६५३ अचानक मृत्यू, आणि त्यांतले ३२,४५७ हृदयविकाराचे. माणूस लोकलमध्ये छाती धरून बसला आणि गेला, तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, त्या नोंदीला एडीआर (अकस्मात मृत्यू अहवाल) नंबर पडतो आणि तो मृत्यू या तक्त्यात जातो. वैद्यकीय वर्गीकरणात हा बाह्य कारणाचा मृत्यू नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत बाह्य कारणांचं वेगळं प्रकरण आहे, विसावं. वाहन, पडणं, बुडणं, भाजणं, विष, स्वतःला इजा, दुसऱ्याने केलेला हल्ला, सगळं त्यात. हृदयविकार तिथे नाही. ते ५६ हजार वजा केले की २०२२ चे अपघाती मृत्यू पावणेचार लाखांच्या आसपास येतात. त्यात १,७०,९२४ आत्महत्या आणि खुनाचे २८,५२२ गुन्हे मिळवा, की पोलिसांच्या कागदावरचा खरा 'बाह्य कारणांचा' आकडा मिळतो. त्या वर्षी देशात सुमारे ८६.५ लाख मृत्यूंची नोंद झाली होती.

वडिलांचा मुद्दा कुठे बरोबर आहे तेही इथेच सांगतो. १९९० साली देशातल्या एकूण मृत्यूंत इजांचा वाटा ८.५ टक्के होता, २०१६ मध्ये १०.७ टक्के, असा भारतातल्या राज्यनिहाय आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्याच काळात संसर्ग, बाळंतपण आणि कुपोषण यांमुळे होणारे मृत्यू ५३.६ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर आले. म्हणजे अतिसार, गोवर आणि क्षयाने जागा सोडली, आणि जी कारणं तिथेच होती ती नजरेत भरायला लागली. तुमच्या आजोबांच्या पिढीत तरुण मुलगा तापाने गेला तर कुणाला नवल वाटत नसे. आज वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा गेला, तर घरचे मनातल्या मनात आधी बाइक, मग गळफास, मग पाणी असाच विचार करतात. वाटा वाढणं म्हणजे धोका तेवढाच वाढणं नव्हे. पण रस्त्यांच्या बाबतीत धोकाही वाढला आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

१९७० साली देशात रस्ते अपघातांत सुमारे १४,५०० माणसं गेली. त्याच वर्षी जपानमध्ये १६,७६५. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जपानचा आकडा आपल्यापेक्षा मोठा होता. तो त्यांचा उच्चांक ठरला. २०२३ मध्ये तिथे २,६७८ माणसं गेली. आपल्याकडे १९९० ला ५४ हजार, २००० ला ७८,९११, २०१० ला १,३४,५१३, आणि २०२२ ला १,६८,४९१. लोकसंख्या वाढली म्हणून आकडा वाढला, असं कुणी म्हणेल तर त्याला दर सांगा. १९७० मध्ये लाख लोकांमागे पावणेतीन मृत्यू, २०२२ मध्ये बारा.

याच आकड्यांतून उलटी गोष्टही सिद्ध करून दाखवता येते, आणि परिषदांमधून ती दाखवलीही जाते. १९७० मध्ये दर दहा हजार वाहनांमागे शंभराहून जास्त मृत्यू होते, २०१० मध्ये दहाच्या आसपास. "बघा, रस्ते दहापट सुरक्षित झाले!" हे दर वाहनामागचं गणित १९४९ साली स्मीड नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने मांडलं होतं: देशात वाहनं वाढली की दर वाहनामागचे मृत्यू आपोआप घटत जातात. ते खरंही आहे. पण आपल्याकडे छेदात भर पडली ती मुख्यतः दुचाकींची, आणि मरणाऱ्यांतही तेच लोक आहेत. २०२२ मध्ये मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. पायी चालणाऱ्याकडे तर वाहनच नसतं, मग त्याचा मृत्यू 'दर वाहनामागे' कसा मोजायचा? दर माणसामागे मोजा. तुम्हाला जाणून घ्यायचं आहे ते तेच.

तीव्रतेचा आकडाही बघा, म्हणजे दर शंभर अपघातांमागे किती जण दगावले. १९७० मध्ये तेरा, २००० मध्ये वीस, २०२२ मध्ये ३६.५. मला विद्यार्थी विचारतात, सर, ट्रॉमा केंद्रं वाढली, १०८ ची रुग्णवाहिका आली, मग मरणारे वाढले कसे? यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पूर्वी साधं खरचटलं तरी पोलीस ठाण्यात नोंद व्हायची असं नाही, पण आता किरकोळ अपघात जागच्या जागी मिटवले जातात, विमा असेल तरच कागद होतो. म्हणजे छेद खरा नाही. तरी एवढ्याने तेराचे छत्तीस होत नाहीत. वेग वाढला आहे. आणि शवागारात वेग दिसतो. नव्वदच्या सुमारास माझ्यासमोर येणारे रस्त्यावरचे मृतदेह बरेचदा ट्रकच्या चाकाखाली चिरडलेले असत. नंतर हळूहळू प्रमाण बदललं: बाहेरून फारशी जखम नाही, आत महारोहिणी फाटलेली, यकृताचे तुकडे, कवटीच्या तळाला आडवी चीर. हा थांबलेल्या वेगाचा ठसा असतो. शरीर थांबतं, आतले अवयव थांबत नाहीत. पाम बीच रोडसारखे सरळ, रुंद, रात्री मोकळे रस्ते आले तसे हे मृतदेह वाढले. खड्ड्यांमुळे होणारे अपघात वर्तमानपत्रात मोठे छापतात, आणि छापलेच पाहिजेत, पण देशाच्या २०२२ च्या आकड्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. अर्थात 'अतिवेग' हा शब्द जागेवरचा पोलीस लिहितो. त्याच्याकडे वेग मोजायचं साधन नसतं. फॉर्मवर रकाना आहे म्हणून तो भरला जातो, हेही ध्यानात ठेवा.

कोविडच्या वर्षाने याचा पुरावाच दिला. २०२० मध्ये महिनोन्‌महिने रस्ते ओस होते. अपघात १८ टक्क्यांनी घटले, मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच. मोकळ्या रस्त्यावर जे थोडे निघाले ते सुसाट निघाले.

हे सगळं अटळ आहे असं मात्र मी मानत नाही, आणि उदाहरण तुमच्या दारातलं आहे. कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं दगावली होती. त्या वर्षापासून तिथे एक-एक जागा तपासून दुरुस्त करायचं काम सुरू झालं: पुलाच्या उघड्या कोपऱ्यांना आडवे कठडे, थांबलेल्या ट्रकांना हटवणं, रुग्णवाहिकेची ठिकाणं. २०२० मध्ये मृत्यू ६६ होते. त्या वर्षी टाळेबंदी होती, म्हणून २०१९ चा आकडा घ्या: ९२. तरी उतार स्पष्ट आहे. चालकांचे स्वभाव तीन वर्षांत बदलले असतील असं मला वाटत नाही. रस्ता बदलला.

रेल्वेचं थोडक्यात. ठाण्यात राहून रेल्वे वगळता येत नाही. देशभराच्या रेल्वे मृत्यूंत गाड्यांची टक्कर, घसरणं हा भाग अगदी लहान आहे. २०२२ मध्ये एनसीआरबीच्या तक्त्यात रेल्वेखाली २०,७९२ मृत्यू आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य गाडीतून पडलेले किंवा रुळांवर गाडीखाली आलेले. रेल्वेच्या स्वतःच्या सुरक्षा अहवालात हे 'अपघात' म्हणून मोजलेच जात नाहीत, कारण तिथे अपघात म्हणजे गाडीला झालेला अपघात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ च्या अहवालात हे सरळ लिहिलं: रूळ ओलांडताना दर वर्षी सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यांतली सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, आणि हे हत्याकांड कुठलाही सुसंस्कृत समाज सहन करणार नाही. लोहमार्ग पोलिसांचा उपनगरी मार्गाचा २०२४ चा आकडा २,४६८ आहे. दोन्ही आकडे एकाच पट्टीने मोजलेले आहेत असं धरून वजाबाकी करत बसू नका, पण पादचारी पूल, सरकते जिने आणि रुळांलगतच्या भिंती आल्या तसा इथे फरक पडला, हे मी शवागारातूनही पाहिलं. मग ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकणारे प्रवासी खाली पडले आणि आम्ही पुन्हा तिथेच येऊन उभे राहिलो.

खुनांबद्दल लोकांचा समज आणि आकडे यांत सर्वांत मोठं अंतर आहे. १९९२ मध्ये देशात चाळीस हजारांहून थोडे जास्त खून नोंदले गेले, लाखामागे साडेचारच्या पुढे. २०२२ मध्ये २८,५२२, लाखामागे २.१. लोकसंख्या दीडपटीहून वाढली आणि आकडा एक चतुर्थांशाहून जास्त घटला. मृतदेह लपवणं कठीण असतं, त्यामुळे या रेषेवर मी बऱ्यापैकी विश्वास ठेवतो. टीव्हीवर रोज एक खून दिसतो म्हणून खून वाढले असं होत नाही.

आता जळण्याविषयी. हा भाग मी लांबवणार आहे, कारण माझ्या नोकरीत डोळ्यांदेखत जर काही बदललं असेल तर हे. नव्वदच्या दशकात मी नवा असताना आठवड्यात दोन-तीन तरी तरुण बायका जळून यायच्या. वय अठरा ते तीस. पंचनाम्यात एकच वाक्य: "स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडाला." साडी नायलॉनची, रॉकेलचा वास केसांना, आणि पुष्कळदा भाजलेला भाग असा की स्टोव्ह समोर होता यावर विश्वास बसू नये. मृत्यूपूर्व जबाब दंडाधिकारी घेत, सासरची माणसं दाराशी उभी असत, आणि मुलगी म्हणायची, माझ्याच हातून झालं. मागे राहणाऱ्या लेकरांची काळजी असायची तिला. तो कागद 'अपघात' या रकान्यात जायचा.

२००९ साली एका अभ्यासात रुग्णालयांची, मृत्यू नोंदणीची आणि सर्वेक्षणाची माहिती एकत्र जुळवून २००१ सालचा अंदाज काढला गेला: देशात वर्षाला १,६३,००० जण आगीने मरतात, त्यांतल्या १,०६,००० बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. सहापट! तो वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, लाज वाटली.

पुढे ही रेषा कोसळली. एनसीआरबीत २०११ मध्ये आगीचे मृत्यू २४,५७६ होते, २०२२ मध्ये ७,४३५. पोलिसांची नोंद अपुरी हे खरं, पण ती आधीही अपुरीच होती, त्यामुळे उतार खोटा ठरत नाही. कारण कोणतं? १९८३ आणि १९८६ चे हुंड्याविरोधी फौजदारी बदल काही अंशी. माझं मत विचाराल तर सर्वांत मोठा वाटा गॅस सिलिंडरचा. आमच्याकडे शहरात तो आधी आला, २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गावात पोहोचला. रेशनचं रॉकेल कमी झालं, मग बंद झालं. घरात रॉकेलचा डबाच नाही, तर रागाच्या किंवा निराशेच्या दहा मिनिटांत हाताशी येणार काय? हा युक्तिवाद कुणाला अपुरा वाटेल. छळ तर संपला नाही, मग मृत्यू दुसऱ्या रकान्यात सरकले असतील, असं म्हणता येईल. काही सरकले, हे मीही पाहिलं आहे. सगळे मात्र सरकले नाहीत.

ते कसं, ते आत्महत्यांच्या आकड्यांत कळतं. १९९० मध्ये ७३,९११, २००० मध्ये १,०८,५९३, २०१० मध्ये १,३४,५९९, २०१७ मध्ये थोडं खाली १,२९,८८७, २०२२ मध्ये १,७०,९२४. दर लाखामागे ८.९, मग अकराच्या आसपास, २०१७ ला ९.९, आणि २०२२ ला १२.४. शेवटच्या काही वर्षांची चढण चिंतेची आहे. मरणाऱ्यांत रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१४ मध्ये १२ टक्के होता, २०२२ मध्ये २६.४ टक्के. कारखान्याच्या गेटवर रोज सकाळी उभे राहणारे, घणसोली-दिव्याच्या खोल्यांत दहा जण मिळून राहणारे, हेच ते.

तरीही पोलिसांचा आकडा खालीच असतो. २०१० साठी घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारणाऱ्या सर्वेक्षणाने १,८७,००० असा अंदाज काढला होता, पोलिसांच्या आकड्याहून सुमारे चाळीस टक्के जास्त. हा 'मिलियन डेथ स्टडी', जन्म-मृत्यू नोंदणी पाहणाऱ्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणीवर बसवलेला. आणि बायकांचं काय? जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार १९९० ते २०१६ दरम्यान भारतातल्या स्त्रियांचा आत्महत्या दर वयानुसार समायोजित केल्यावर एक चतुर्थांशाहून अधिक घटला, पुरुषांचा जवळजवळ तसाच राहिला. म्हणून मी म्हणतो, सगळे सरकले नाहीत. तरीही २०१६ मध्ये जगातल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या, हेही त्याच अभ्यासात आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

हाताशी साधन नसणं किती महत्त्वाचं, याचं मोठं उदाहरण श्रीलंकेचं. १९९५ च्या सुमारास तिथे लाखामागे ४७ पर्यंत दर गेला होता. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तो जवळपास सत्तर टक्क्यांनी उतरला, आणि शेतीच्या उत्पादनाला धक्का बसला नाही. आपल्याकडे २०११ मध्ये एंडोसल्फान गेलं, २०१८ च्या आदेशाने आणखी १८ औषधांवर बंदी आली. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करतानाच वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने गेले होते, ते तर आत्महत्याही नव्हत्या. (हे वाचताना कुणाला स्वतःचंच ओझं जड वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतूनही, मोफत आहे.)

इथे तुमच्या आलेखात एक सापळा आहे. शेतकरी आत्महत्यांची रेषा २०१३ मध्ये ११,७७२ आणि २०१४ मध्ये ५,६५०, अशी अर्ध्यावर पडलेली दिसेल. त्या वर्षी काही चमत्कार झाला नाही. २०१४ मध्ये एनसीआरबीने फॉर्म बदलला आणि शेतमजूर वेगळे केले. त्यांचे ६,७१० मिळवले की बेरीज १२,३६० होते. अपघाती मृत्यूंचे उपप्रकारही त्याच वर्षी बदलले. म्हणून २०१४ वर एक उभी रेघ ओढा, आणि ती ओलांडून कुठलाही उपप्रकार जोडू नका.

आता आजीबद्दल. तुम्ही कंसात लिहिलंत, पण मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटलं. वयस्क बाई बाथरूममध्ये पडते, खुब्याचं हाड मोडतं, अंथरुणाला खिळते, तीन-चार आठवड्यांनी छातीत कफ होऊन जाते. दाखल्यावर लिहिलं जातं न्यूमोनिया. त्याहून वाईट, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडले. प्रत्येकच मेलेल्या माणसाचे पडतात. नियम असा आहे की दाखल्याच्या सर्वांत खालच्या ओळीत मूळ कारण हवं, जिथून साखळी सुरू झाली ते. त्या नियमाने तुमच्या आजीचा मृत्यू बाह्य कारणाचा, पडण्याचा. पण 'पडणं' लिहिलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस, होते, पोलीस येतात, शवविच्छेदनाचा प्रश्न निघतो, आणि ऐंशी वर्षांच्या आजीला त्यातून न्यायला कोणी तयार नसतं. डॉक्टरही नाही. मीही एके काळी अशा सह्या केल्या आहेत, ते लपवत नाही.

मिलियन डेथ स्टडीच्या अंदाजाप्रमाणे २००५ मध्ये देशात पडून सुमारे १,६०,००० माणसं गेली. पोलिसांच्या तक्त्यात याचा लहानसा अंशच असतो, आणि तोही बहुतांशी इमारतीवरून पडलेल्या मजुरांचा. डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या कारणांवर भिस्त ठेवावी म्हटलं, तर २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचा दाखला होता. देश म्हातारा होतोय. येत्या वीस वर्षांत पडण्याची रेषा वर जाईल असं मला खात्रीने वाटतं, आणि तुमच्या तक्त्यात ती दिसणार नाही.

नैसर्गिक आपत्तींचं फार नाही. १९९३ चा लातूर-किल्लारीचा भूकंप, २००१ चं भूज, २००४ ची त्सुनामी, ही टोकं आलेखात सुळक्यासारखी दिसतील. त्यांना कल मानू नका. चक्रीवादळात मात्र कल आहे: १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली, २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासच्या आत, कारण आधीच लाखो लोकांना हलवलं होतं. वीज पडून मात्र २०२२ मध्ये २,८८७ जण गेले, बहुतेक शेतात. आणि बुडून ३८ हजारांहून जास्त, जे आपत्ती म्हणून कधी मोजलेच जात नाहीत. खारघरच्या पांडवकड्यावर दर पावसाळ्यात बंदीचा फलक लागतो आणि दर पावसाळ्यात कुणाचं तरी पोर जातं.

ठाणे जिल्ह्याचा आलेख काढायचा असेल तर आधी नकाशा समोर ठेवा. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाख. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी तिकडे गेले. सर्पदंशाचे, विहिरीत बुडण्याचे, विजेचे मृत्यू ठाण्याच्या तक्त्यातून रातोरात कमी झाले. सर्पदंशाने देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातला आपला वाटा आता पालघरच्या खात्यात शोधा.

पोलीस आयुक्तालय म्हणजे जिल्हा नव्हे, हेही बघा. नवी मुंबई आयुक्तालयात पनवेल-उरण येतात, जे रायगड जिल्ह्यात आहेत. मीरा-भाईंदर २०२० पर्यंत ठाणे ग्रामीणकडे होतं, मग वसई-विरारसोबत वेगळं आयुक्तालय झालं. शिवाय मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. माजिवड्याला अपघात झाला, जखमीला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं, सहाव्या दिवशी तो गेला, तर दाखला मुंबईचा, अकस्मात मृत्यूची नोंद तिथल्या पोलिसांकडून शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द दुसऱ्याची म्हणून पुढे पाठवायची), आणि कागद ठाण्याला यायला वेळ. नियमाप्रमाणे अपघातानंतर तीस दिवसांच्या आतला मृत्यू रस्ते अपघाताचा धरायचा. माझ्या पाहण्यात असे कागद पुष्कळदा 'जखमी' या रकान्यातच राहून गेले आहेत.

म्हणून जिल्ह्यासाठी १९९० पासूनची एक अखंड रेषा काढू नका. २०१५ नंतरची घ्या, छेदात पालघर वगळलेली लोकसंख्या घ्या, आणि २०११ नंतर जनगणना झालेली नाही म्हणून दर एका दशांशापलीकडे लिहू नका. रस्ते, रेल्वे, आत्महत्या, खून, आग, पाणी असे सहा वेगळे आलेख एका पानावर ठेवा. प्रत्येकाचा उभा अक्ष वेगळा असू द्या, कारण खुनाची रेषा रस्त्याच्या अक्षावर ठेवली तर ती जमिनीला चिकटून राहील आणि तिचा उतार दिसणारच नाही. 'अचानक मृत्यू' कुठेच घेऊ नका. आणि 'इतर कारणे' हा रकाना जिथे अचानक फुगलेला दिसेल, त्या वर्षी फॉर्म बदलला होता का, ते आधी तपासा.